पाच वाजताची मुलाखत

पहाटे साडेपाच

मुलाखत संध्याकाळी पाचला आहे, पण प्रश्नांची वही मी आत्ताच उघडते. नऊनंतर ती उघडायला सवड मिळणार नाही.

पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी तिथे ग्रंथपाल आहे. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. या दिवसांत एका लेखकाला गावात बोलवायचं आणि गावकऱ्यांसमोर त्याच्याशी बोलायचं, हा आमचा शिरस्ता. यंदा एक नामवंत कादंबरीकार बाई येत आहेत. चित्रीकरण करायचं नाही, बोलणं त्या खोलीपुरतं राहू द्यायचं, ही त्यांची एकच अट. ती आम्ही मान्य केली, म्हणून त्यांचं आणि त्यांच्या पुस्तकांचं नाव इथे येणार नाही. लिहायला त्यांनी परवानगी दिली तेवढंच पुढे येईल.

वहीच्या डाव्या पानावर कार्यकारी मंडळातल्या सदस्यांनी सुचवलेले प्रश्न आहेत. आजची पिढी वाचत नाही याबद्दल काय वाटतं? मराठीचं भवितव्य काय? पुरस्कारांबद्दल तुमचं मत काय? हे मी बाजूला ठेवते. मतं कुणालाही विचारता येतात, कादंबरी कशी होते हे मात्र ती लिहिणाऱ्यालाच सांगता येतं. उजव्या पानावरचे प्रश्न माझे आहेत आणि ते सगळे कामाचे आहेत. किती वाजता लिहायला बसता? कुठे बसता? नोकरी, स्वयंपाक, घरातली आजारपणं यांतून वेळ कसा काढता? पहिला खर्डा किती पानांचा होता आणि छापील पुस्तकात त्यातलं किती उरलं? जे माहीत नव्हतं ते कुणाला विचारलंत? लिहिणं अडलं तेव्हा काय केलंत?

आमचे श्रोते म्हणजे पिरंगुटच्या कारखान्यांत पाळी करणारे, पावसात कंबर वाकवून भाताची लावणी करणारे, अंगणवाडी चालवणारे, दुधाच्या गाडीवर जाणारे लोक. साहित्यातले वाद त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसतात. काम म्हणजे काय, हे मात्र त्यांना पुरतं ठाऊक असतं. लेखक स्वतःच्या कामाबद्दल तपशिलानं बोलू लागला की खोलीतली चुळबुळ थांबते, हे मी पाहिलं आहे. लेखकाला ‘तुमचं काम कसं चालतं’ असं मनापासून विचारणं यापरता त्याचा दुसरा सन्मान नाही, असं मला वाटतं.

तयारीसाठी मी जुने दिवाळी अंक, आत्मचरित्रं आणि छापून आलेल्या मुलाखती वाचल्या. त्यातून एक गोष्ट ठसठशीत दिसली. आपल्याकडचे बहुतेक मोठे कादंबरीकार दुसरं कुठलं तरी काम करून लिहीत आले. रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि ‘ताम्रपट’सारखी दांडगी कादंबरी लिहीत होते. विश्वास पाटील महसूल खात्यात अधिकारी होते. शिवाजी सावंत कोल्हापूरला शाळेत नोकरी करत असताना ‘मृत्युंजय’ची जुळणी करत होते, १९६७ साली ती आली. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ पंचविशीत, थोड्या दिवसांत लिहून काढली आणि १९६३ साली ती छापून आली. ‘हिंदू’चा पहिला खंड वाचकांच्या हातात पडायला २०१० साल उजाडलं. एकाच माणसाच्या हातून एक पुस्तक झपाट्यानं आणि दुसरं कित्येक वर्षांनी का होतं, हा प्रश्न मी आजच्या पाहुण्यांसाठीही लिहून ठेवला आहे.

सगळ्यांत जास्त वेळ मी मालतीबाई बेडेकरांवर घालवला. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं कुणीतरी उघड लिहिलं होतं आणि लिहिणारी कोण, याचा पत्ता लागत नव्हता. पुढे सोलापूरला, तेव्हा ज्यांना सरकारनं ‘गुन्हेगार जमाती’ ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्यांच्या वसाहतीत मालतीबाईंनी नोकरी केली. १९५० साली आलेल्या ‘बळी’ या कादंबरीमागे तिथला अनुभव आहे. कामाची जागाच पुढे लेखनाची जागा कशी होते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. सरकारी हजेरीपटावर ज्यांची नुसती नावं होती, ती माणसं त्यांनी कादंबरीत उभी केली. त्या काळी कुणी त्यांना गावागावांत बसवून विचारायला हवं होतं, बाई, तुम्ही तिथे काय पाहिलंत, घरी येऊन काय टिपून ठेवलंत?

सात

पाणी आलंय. डबे, आंघोळी, सासूबाईंची औषधं. नवऱ्याची पाळी पहिली, तो केव्हाच गेला.

साडेआठ

वाचनालयाचं कुलूप काढते. आमचं वाचनालय ‘क’ वर्गातलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. आमच्या वर्गाच्या अनुदानात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, जागा आणि माझा पगार बसवावा लागतो. लेखकाचा प्रवासखर्च त्यात कुठेच बसत नाही. तो सभासद आणि गावातली भजनी मंडळं मिळून देतात. मानधनाचं पाकीट कालच भरून ठेवलं आहे. लेखकाला शाल आणि नारळ देऊन परत पाठवायची पद्धत मला मुळीच पटत नाही. दोन तास तो आपल्यासाठी काम करतो, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.

दहा वाजेपर्यंत वर्तमानपत्रं वाचायला म्हातारी मंडळी येतात. त्यांच्या शेजारीच मी टेबल मांडून पुस्तकं लावते. पाहुण्यांची पुस्तकं मधोमध आणि उजवीकडे, माझ्या हट्टानं, धरणाची पुस्तकं.

या तालुक्यात धरणाचा विषय टाळून कादंबरीबद्दल बोलता येत नाही, असं मला वाटतं. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीनं इथे धरण बांधायला घेतलं. पाणी अडवायचं ते मुळशीत आणि सोडायचं सह्याद्री भेदून पलीकडे, कोकणात, भिऱ्याच्या वीजगृहात. पन्नासावर गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरत होते. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं. १९२४पर्यंत लढा ओसरला, बापट तुरुंगात गेले आणि पुढे दोन-तीन वर्षांत धरण पुरं झालं. धरणाविरुद्धचा इतका जुना संघटित लढा जगात क्वचितच सापडतो.

भुस्कुट्यांनी स्वतः त्याचा इतिहास लिहून ठेवला. राजेंद्र व्होरा यांनी नंतर अभ्यासकाच्या नजरेनं ‘मुळशी सत्याग्रह’ लिहिलं. जमिनीची मालकी असलेले पुण्याचे सावकार आणि ती प्रत्यक्ष कसणारे मावळे यांचं हित एक नव्हतं, मोबदल्याच्या प्रश्नावर ते कसं फाटत गेलं, हे व्होरांनी फार नेमकं मांडलं आहे. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवते.

त्यांच्या शेजारी दोन कादंबऱ्या. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची. तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ २०२३च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. उठलेल्या गावाची आणि मागे रानात राहून रानटी झालेल्या म्हशीची ती गोष्ट. दोन्हींच्या पुरस्कारांत एकतीस वर्षांचं अंतर आहे आणि दोन्हींचा विषय म्हणावा तर एकच. एकीत कचेऱ्या, मोजण्या, दलाल, फायली आहेत. दुसरीत माणूस, जनावर आणि रान. ‘झाडाझडती’ वाचताना राग येतो, ‘रिंगाण’ वाचताना आपल्याही पायाखालची जमीन सुटल्यासारखी वाटते. आमच्याकडे ‘झाडाझडती’च्या एकाच प्रतीची बांधणी आतापर्यंत अनेकदा उसवली आहे. आमच्या वाचकांना त्या पुस्तकातलं एकही पान परकं वाटत नाही.

मुळशीच्या लढ्यावर मात्र अशी कादंबरी आमच्या कपाटात नाही. टेबल लावताना ती जागा मोकळी दिसते.

अकरा

पाहुण्यांना कोथरूडहून आणायचं आहे. त्या रात्रीच्या गाडीनं पुण्यात आल्या, नातेवाइकांकडे थोडं झोपल्या. वाचनालयाच्या अध्यक्षांचा पुतण्या गाडी चालवतो. पिरंगुट, भुकूम, भूगाव, चांदणी चौक. उलट बाजूला मिक्सरच्या गाड्यांची रांग लागली आहे. दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर इमारती चढत चालल्या आहेत. माझ्या लहानपणी भूगावपर्यंत भाताची खाचरं होती.

परतीच्या वाटेवर मुलाखतीतलं काहीही विचारायचं नाही, हा माझा नियम. गाडीत एकदा सांगून झालेली गोष्ट लोकांसमोर पुन्हा सांगताना तिच्यातला जीव जातो. त्याऐवजी मीच बोलते. कोळवण खोऱ्याकडे बोट करून सांगते की तिकडून तिकोना दिसतो, त्या डोंगरांच्या पलीकडे पवनेचं खोरं आणि तुंग. गो. नी. दांडेकरांची ‘पवनाकाठचा धोंडी’ त्या तुंगाच्या हवालदाराची. पवना धरण त्यानंतर झालं. दांडेकर, म्हणजे आप्पा, राहायचे तळेगाव दाभाड्याला, आमच्या शेजारच्या मावळात. राजमाचीवरचा बुधा, पवनाकाठचा धोंडी ही माणसं त्यांनी पायी हिंडून मिळवली. किल्ल्यावर मुक्काम करायचा, गावकऱ्यांच्या ताटात जेवायचं, त्यांची बोली कानात साठवायची आणि मग घरी येऊन लिहायचं.

बाई म्हणाल्या, “त्यांच्यासारखं पायी हिंडणं मला जमलं नाही. बाईमाणसाला एकटीनं डोंगरात रात्र काढणं त्या काळी कोण काढू देणार? मी बसल्या जागी माणसं मिळवली. खिडकीमागून.” हे वाक्य मी वहीत टिपलं. खिडकी म्हणजे टपाल कार्यालयाची. त्यांनी तिथे नोकरी केली आहे. पुढचं गाडीत विचारलं नाही.

पिरंगुटच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा त्यांनी विचारलं, पुण्यात एवढे कार्यक्रम होत असताना इथे वेगळा कशाला? रास्त प्रश्न आहे. ग्रंथकारांची पहिली सभा न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यातच भरली, १८७८ साली. वसंत व्याख्यानमाला त्याहून थोडी जुनी. साहित्याचं बोलणं पुण्यात दीडशे वर्षं चालू आहे आणि आम्ही पुणे जिल्ह्यातच राहतो. पण संध्याकाळी सहाचा कार्यक्रम संपवून आमच्या गावची बाई रात्री एसटीनं परत कशी येणार? मी त्यांना एवढंच सांगितलं. त्या बराच वेळ बाहेर पाहत होत्या.

दीड

जेवण आमच्याच घरी. इंद्रायणीचा भात, पावट्याची आमटी, तांदळाची भाकरी, लसणाची चटणी. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं काढलं, त्याआधी इथे आंबेमोहोर घरोघरी असायचा, ही माहिती सासूबाईंनी पुरवली. बाईंनी त्यांना खोदून विचारलं: आंबेमोहोर शिजायचा तेव्हा वास किती घरांपर्यंत जायचा? सासूबाई हरखून सांगत राहिल्या. मी वाढत होते आणि ऐकत होते. कादंबरीकार काम करताना कसा दिसतो, ते मला तिथे पाहायला मिळालं.

जेवणानंतर बाई तासभर पडल्या.

तीन

खुर्च्या, सतरंज्या, ध्वनिक्षेपक. व्यासपीठ आम्ही घालत नाही. दोन लाकडी खुर्च्या, मध्ये तिपाई, पाण्याचा तांब्या. श्रोत्यांच्या पहिल्या रांगेपासून हाताच्या अंतरावर. उंचावर बसवलं की लेखक भाषण करतो, समोर बसवलं की बोलतो.

कार्यक्रमाची वेळ पाच ठरवण्यामागे कारण आहे. पिरंगुटच्या कारखान्यांतली पहिली पाळी दुपारी सुटते. मुलांची शाळा सुटलेली असते. धारा काढायला अजून वेळ असतो. सात वाजता बायकांना चुलीकडे जावंच लागतं. या दोन तासांतच गाव मोकळं असतं.

जनित्र भाड्यानं आणून ठेवलं आहे, कारण वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. आमच्या खोऱ्यातल्या पाण्यावर जवळपास शंभर वर्षं वीज होते आणि आमच्या कार्यक्रमाला जनित्र लागतं. याची चीड मला दरवर्षी नव्यानं येते.

सत्काराला पाच मिनिटं, प्रास्ताविकाला तीन. मान्यवरांची भाषणं नाहीत. यावरून दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी मी मागे हटत नाही.

पाच

खोली भरली आहे. दारात, पायऱ्यांवर माणसं आहेत. सुधीर गाडगीळांसारख्यांनी प्रकट मुलाखतीचा प्रकार महाराष्ट्रात रुजवला, तेव्हापासून लोकांना मुलाखत म्हणजे हशा-टाळ्या असं वाटतं. मी सुरुवातीलाच सांगते की आज आपण एका कामाबद्दल बोलणार आहोत.

पहिला प्रश्न गाडीत टिपलेला. खिडकीमागून माणसं मिळतात म्हणजे काय?

बाई सांगू लागल्या. मनीऑर्डर करायला येणारा माणूस पैशांबरोबर दोन ओळींचा मजकूर लिहायला सांगायचा. लिहिता न येणारे बरेच. त्या दोन ओळींत घरचं सगळं यायचं: कुणाचं दुखणं, कुणाची समजूत, कुणावरचा राग. जागा दोन ओळींचीच, म्हणून काय लिहायचं आणि काय गाळायचं हे ठरवावं लागायचं. कादंबरी लिहिण्याचं पहिलं शिक्षण त्यांना तिथे मिळालं. लोकांची गुपितं मात्र त्यांनी कधी वापरली नाहीत. वापरली ती बोलायची रीत. माणूस दुःखाची गोष्ट सांगायला सुरुवात कुठून करतो, कुठे थांबतो, कुठला शब्द दोनदा उच्चारतो.

मग दिनक्रम. पहाटे चारला उठून सहापर्यंत लिहायचं, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून. बसलं की झोप येते. सहा वाजता वही पिठाच्या डब्यामागे ठेवायची आणि चहा टाकायचा. अनेक वर्षं घरातल्या कुणालाही त्या काय लिहितात ते ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर दिवसभर वेळ मिळू लागला तरी लिहिण्याचे तास तेच राहिले.

मी माहितीचं विचारलं. त्यांनी जुन्या पंचांगांबद्दल सांगितलं. कादंबरीत रात्रीचा प्रसंग असला तर त्या तिथी पाहतात. वद्य द्वादशीला पहाटेआधी चंद्र दिसत नाही. माणसं अंधारातून चालली आहेत तर ती चाचपडतच चालणार, मग संवाद तुटक होणार, मग त्या प्रसंगाचा शेवटही वेगळा होणार. एका तिथीनं एक अख्खं प्रकरण बदललं. जिनसांचे भाव त्यांनी एका वाण्याच्या जुन्या चोपड्यांतून उतरवून घेतले. पावसाची साल-दर-सालची आठवण शेतकऱ्यांना विचारली आणि दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याला विचारलं. हे ऐकताना मागच्या भिंतीशी टेकून उभी असलेली माणसं खाली बसली.

पहिला खर्डा आणि छापील पुस्तक यांच्यातल्या अंतरावर त्या सगळ्यांत जास्त बोलल्या. एका कादंबरीतून वडिलांच्या पात्राचा मोठा भाग त्यांनी काढून टाकला. लिहिलेलं चांगलं होतं, भाषा साधली होती, जवळच्या मैत्रिणीनं वाचून डोळे पुसले होते. पण कितीदा तरी वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या भागात आपण वडिलांची बाजू मांडत बसलो आहोत. कादंबरीतल्या इतर कुणाचीही बाजू आपण अशी मांडलेली नाही. मग तो भाग गेला. त्या जागी एक छोटासा प्रसंग आला, ज्यात वडील काहीच बोलत नाहीत.

मी विचारलं, काढलेली पानं ठेवलीत का?

नाही, म्हणाल्या. ठेवली असती तर परत आत घेतली असती.

इथे मी थोडं थांबले. अशा उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकला तर ते वाया जातं. श्रोत्यांना ते स्वतःपाशी ठेवायला क्षणभर हवा असतो.

नेमाड्यांच्या दोन कादंबऱ्यांमधल्या वर्षांबद्दलचा पहाटेचा प्रश्न त्यांना वेगळ्या रूपात विचारला. लिहिणं अडलं तेव्हा काय केलंत? त्यांनी दुसरी कादंबरी लिहायला घेतल्यावर सासरे अंथरुणाला खिळले. त्या काळात लिहिणं बंद होतं, पण पहाटे चारला उठणं बंद केलं नाही. औषध द्यायचं, कूस बदलायची, आणि उरलेल्या वेळात आधी लिहिलेलं नुसतं वाचायचं, एक शब्दही न बदलता. दुखणं संपलं तेव्हा कादंबरीची भाषा बदलली होती. वाक्यं आखूड झाली होती. ते चांगलं झालं की वाईट, हे वाचकांनी ठरवावं, असं त्या म्हणाल्या.

पुरस्काराबद्दल मी विचारलं नाही. श्रोत्यांतूनही कुणी विचारलं नाही.

सव्वासहा

आता प्रश्न गावाचे.

फोर्जिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकानं हात वर केला. “बाई, आमच्याकडे रिजेक्शन मोजतात. शंभरातले किती तुकडे बाद गेले ते. तुमचं रिजेक्शन किती?” बाईंनी विचार करून सांगितलं की निम्म्याहून जास्त. तो माणूस शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, एवढं तर आमच्याकडे चालणारच नाही, आणि मग बाईंकडे पाहून म्हणाला, म्हणजे तुम्हाला फारच कडक तपासणी आहे. बाई म्हणाल्या, तपासणारीही मीच, हीच तर अडचण. गेल्या कित्येक वर्षांत मी ऐकलेला हा सर्वांत नेमका साहित्यिक प्रश्न आहे.

लावणीला जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, उभं राहून लिहिता तर पाय भरून येत नाहीत का? येतात, आणि म्हणून पाटावर एक पाय ठेवायची सवय लागली, हे उत्तर तिला पटलं. अकरावीतल्या मुलानं विचारलं, तुमच्या माणसांची नावं कुठून येतात? जुन्या मतदार याद्या आणि देवळांच्या वर्गणीच्या पाट्या.

मग धरणाच्या काठच्या वाडीतल्या एक आजी उठल्या. त्यांना हात धरून आणलं होतं. त्यांनी टेबलावरच्या पुस्तकांकडे बोट केलं. “ही धरनाची बुकं म्हनं. ह्यात आमचं गाव हाय का?” मी सांगितलं, लढ्याचा इतिहास आहे, कादंबऱ्या दुसऱ्या धरणांच्या आहेत. “मंग आमच्या गावाचं कोन लिवनार?”

बाईंनी आश्वासन दिलं नाही. हे मला फार बरं वाटलं. त्यांनी उलट विचारलं, “आजी, काय काय गेलं पाण्यात?”

आजींनी ते स्वतः पाहिलेलं नाही. त्यांच्या आजेसासूनं पाहिलेलं. पण आजेसासू रोज सांगायची, त्यामुळे त्यांना ते पाठ होतं. कुठलं खाचर कुणाचं, कुठल्या बांधावर आंबा होता, त्याची चव कशी, विहिरीच्या पायऱ्या कुठल्या बाजूनं, देवाची पालखी कुठल्या आळीतून कुठल्या आळीत जायची, वर डोंगरावर राहायला येताना चुलीचे दगड कुणी उचलून आणले. शेतांची नावं तर त्यांनी एका दमात सांगितली. बाईंनी पिशवीतून वही काढली आणि लिहून घ्यायला लागल्या. मध्येच त्या एखादं नाव पुन्हा म्हणायला लावत. दुसऱ्या कुणाला तरी आणखी एक नाव आठवलं. पलीकडच्या वाडीतल्या म्हाताऱ्यानं, ते खाचर त्या बाजूला नव्हतं, असं हटकलं. आता मुलाखत घेणाऱ्या बाई होत्या आणि देणारं गाव होतं. मी माझी वही मिटली.

सात वाजत आले तरी बायका उठेनात. बाईंनी वही बंद करून सांगितलं ते मी जवळजवळ जसंच्या तसं टिपून घेतलं आहे, आणि ते छापायला त्यांची परवानगी आहे. मुळशीची कादंबरी बाहेरचं कुणी लिहील किंवा इथलंच कुणी, ते सांगता येत नाही. पण ज्यानं लिहायचं त्याला ही नावं लागतील आणि आजींनंतर ती कुणाकडेही नसतील. लढ्याच्या तारखा पुस्तकांत आहेत. आंब्याची चव पुस्तकात नाही. ती आत्ता विचारून ठेवा. विचारताना ‘धरणाबद्दल सांगा’ असं विचारू नका, त्यावर सगळे तेच सांगतात. चूल कुठे होती विचारा, पाणी कुठून आणायचे विचारा, पावसात गुरं कुठे बांधायचे ते विचारा. एका बैठकीत एकच माणूस आणि फार तर एक तास. दोन माणसांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा.

साडेसात

देवघेव. कार्यक्रमानंतर वाचनालय तासभर उघडं ठेवणं हाच माझ्या मते कार्यक्रमाचा खरा भाग. बाईंची सगळी पुस्तकं बाहेर गेली. ‘रिंगाण’ गेली. ‘झाडाझडती’साठी चौघांनी नावं लावली. फोर्जिंगवाल्यानं व्होरांचं ‘मुळशी सत्याग्रह’ नेलं आणि अनामत भरून तो नवा सभासद झाला. त्याचा सभासद क्रमांक लिहिताना मला फार आनंद झाला. काही बायकांना पुस्तक नको होतं, त्यांना बाईंना नुसतं जवळून पाहायचं होतं. बाई खुर्चीवर बसून प्रत्येकीला नाव, माहेर आणि कामधंदा विचारत होत्या.

मानधनाचं पाकीट दिलं. पावतीवर सही घेतली. बाईंनी त्यातून काही परत करायचा प्रयत्न केला, तो मी होऊ दिला नाही.

साडेआठला गाडी त्यांना घेऊन कोथरूडला गेली.

नऊ

सतरंज्या घडी करून कोपऱ्यात. जनित्रवाला त्याचं यंत्र घेऊन गेला. वीज आज शेवटपर्यंत होती.

बाईंनी जाताना वहीतली आजींच्या शेतांच्या नावांची पानं फाडून माझ्याकडे दिली. त्यांनी स्वतःसाठी उतरवून घेतलं नाही. हे तुमचं आहे, म्हणाल्या. मी त्या पानांना दाखल क्रमांक दिला. पुस्तकांच्या नोंदवहीत सुट्या हस्तलिखित पानांसाठी रकाना नसतो, म्हणून ‘इतर’खाली लिहिलं आणि शेऱ्यात गावाचं नाव, आजींच्या वाडीचं नाव आणि आजची तारीख टाकली.

पुढच्या ग्रंथखरेदीच्या यादीत ‘झाडाझडती’च्या दोन प्रती मांडल्या.

अकरावीतला मुलगा आणि त्याची वर्गमैत्रीण पायरीवर थांबले होते. त्यांना उद्या आजींकडे जायचं आहे. फोनवर आवाज नोंदवता येतो, पण घरात टीव्ही चालू असेल तर तो आधी बंद करायला सांगा, आजींच्या डाव्या बाजूला बसा कारण उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, आणि बोलणं मध्ये थांबलं तर लगेच दुसरं काही विचारू नका, हे सांगितलं. प्रश्न कागदावर लिहून दिले. पहिला, चूल घराच्या कुठल्या अंगाला होती. दुसरा, खाली दळण कुठे दळायचे. तिसरा प्रश्न मुलीनं स्वतः सुचवला: नव्या जागेत पहिल्या रात्री काय शिजवलं, ते आजेसासूनं कधी सांगितलं होतं का. तो मी तिच्याच अक्षरात लिहून घेतला. उद्या अकरा वाजता दोघं जातील. दुपारी वाचनालयात येऊन, ऐकलेलं सगळं शब्द न गाळता लिहून काढतील. त्यासाठी कपाटातली एक कोरी शंभर पानी वही बाहेर काढून ठेवली आहे.